मधुमेही माणसाची कॉफी

शहापूर आणि मुरबाड हे दोन्ही तालुके मुळात चहाचे. तेव्हा तेथील मधुमेही वाचकांसाठी कॉफीवर लेख लिहिणे हा उंटावरून शेळ्या हाकण्याचा प्रकार आहे, असे कोणी म्हटले तर त्यात सकृद्दर्शनी वावगे काही नाही. पहाटे कसाऱ्याची लोकल गाठणारा नोकरदार, आवणासाठी गुडघाभर चिखलात उतरणारी बाई, भाजीच्या पाट्या घेऊन कल्याणच्या बाजाराला निघालेला शेतकरी आणि पाड्यावर चुलीपुढे बसलेला म्हातारा, या सर्वांचा दिवस चहानेच उजाडतो, आणि जेथे दूध नसते तेथे तो कोरा होतो, एवढाच काय तो फरक. कॉफी हा पूर्वी पांढरपेशा घरांतला प्रासंगिक जिन्नस होता; लग्नाची बोलणी करायला आलेल्या पाहुण्यांना, तापातून उठलेल्या माणसाला, किंवा परीक्षेसाठी रात्र जागवणाऱ्या मुलाला, जायफळ किसून घातलेली, दाट दुधाची आणि भरपूर साखरेची कॉफी देण्याचा रिवाज होता, आणि त्यापलीकडे तिचा संचार नव्हता. ती मर्यादा आता उरलेली नाही. डोळखांब-धसईच्या किराणा दुकानांतही झटपट कॉफीच्या पुड्यांच्या माळा टांगलेल्या दिसतात. मुंबई-नाशिक हमरस्त्यावरील हॉटेलांत चहाइतक्याच सहजतेने कॉफी मागितली जाते. आणि मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत किंवा आसनगाव-वासिंदकडील कारखान्यांत व गोदामांत रात्रपाळी करणाऱ्या तरुणांना कळ दाबताच पेला भरून देणारी यंत्रे परिचयाची झाली आहेत.

याच अवधीत मधुमेहानेही शहराची वेस ओलांडली आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचा जो अहवाल २०२३ साली प्रसिद्ध झाला, त्यानुसार देशात सुमारे दहा कोटी दहा लक्ष माणसे मधुमेही असून प्रौढ लोकांत त्यांचे प्रमाण शहरांत १६.४ टक्के तर ग्रामीण भागात ८.९ टक्के आहे. या आकड्यांवरून ग्रामीण माणसाने समाधान मानण्याचे कारण नाही. कारण त्याच पाहणीत मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या, म्हणजे साखर वाढू लागलेल्या परंतु अद्याप रोगाच्या मर्यादेत न शिरलेल्या लोकांचे प्रमाण शहरांत आणि खेड्यांत जवळजवळ सारखेच, पंधरा टक्क्यांच्या आसपास, आढळले. आजची तफावत ही केवळ मुदतीची आहे, असाच त्याचा अर्थ निघतो.

अशा वेळी कॉफीविषयी दोन परस्परविरुद्ध वार्ता गावोगाव पोहोचलेल्या असतात. एक म्हणते, कॉफीने शुगर आटोक्यात राहते, तेव्हा रोज तीन-चार पेले घ्यावेत. दुसरी म्हणते, कॉफीने शुगर चढते, तेव्हा ती वर्ज्य करावी. मौज अशी की दोन्ही वार्तांच्या मुळाशी खरेखुरे संशोधन आहे, आणि दोन्ही वार्ता, ज्या स्वरूपात त्या रुग्णाच्या कानी येतात त्या स्वरूपात, त्याच्या कामाच्या नाहीत. त्यांचा खुलासा नीट करून घेतल्यावाचून पेला उचलावा की ठेवावा हे ठरवता येणार नाही.

पहिल्या वार्तेचा उगम असा. २००२ साली नेदरलंड्समधील सतरा हजारांहून अधिक स्त्रीपुरुषांच्या पाहणीत असे दिसले की दिवसाला सात किंवा अधिक पेले कॉफी पिणाऱ्यांना, दोन किंवा कमी पेले पिणाऱ्यांच्या तुलनेत, पुढील काळात मधुमेह होण्याचा संभव निम्माच होता. २००९ साली अशा अठरा पाहण्या एकत्र करून, साडेचार लाखांहून अधिक लोकांच्या नोंदींवरून जो हिशेब मांडला गेला, त्यातही दररोजच्या प्रत्येक वाढीव पेल्यामागे हा संभव सुमारे सात टक्क्यांनी घटतो, असेच अनुमान निघाले. आता यातील तपशील वाचकाने ध्यानात घ्यावा. ही सर्व माणसे पाहणीच्या आरंभी मधुमेहापासून मुक्त होती. म्हणजे प्रश्न रोग होण्याचा होता, झालेला रोग बरा करण्याचा नव्हता. शिवाय अशा पाहण्यांत दोन गोष्टी एकत्र आढळतात एवढेच कळते, एकीमुळे दुसरी घडली हे निर्विवाद सिद्ध होत नाही. तिसरी गोष्ट अधिक उद्‌बोधक आहे: ज्या कॉफीतून कॅफिन काढून टाकलेले असते, ती पिणाऱ्यांतही हाच लाभ दिसून आला. तेव्हा त्याचे श्रेय असलेच तर ते तरतरी आणणाऱ्या कॅफिनचे नसून कॉफीच्या बियांतील क्लोरोजेनिक आम्लासारख्या इतर द्रव्यांचे असावे, असा तर्क शास्त्रज्ञ करतात. आणखी एक गोष्ट माझ्या मते फार महत्त्वाची आहे, ती अशी की हॉलंडमधला कॉफीचा पेला आणि आपल्या नाक्यावरचा कॉफीचा पेला हे नावापुरतेच सख्खे भाऊ आहेत. तेथे बहुधा गाळलेले काळे पाणी असते. येथे दूध आणि साखर यांच्या मिश्रणाला कॉफीचा वास लावलेला असतो.

दुसऱ्या वार्तेचा उगम प्रयोगशाळेत आहे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात २००८ साली, नित्य कॉफी पिणाऱ्या दहा मधुमेही रुग्णांवर एक लहान परंतु काटेकोर प्रयोग झाला. त्यांच्या अंगावर साखरेची सतत नोंद घेणारे उपकरण बसवून त्यांना एका दिवशी कॅफिनच्या गोळ्या, एकूण ५०० मिलिग्रॅम, दोन हप्त्यांत देण्यात आल्या आणि दुसऱ्या दिवशी तशाच दिसणाऱ्या निरुपद्रवी गोळ्या. कॅफिनच्या दिवशी त्यांची दिवसभराची सरासरी साखर आठ टक्क्यांनी चढली. न्याहारीनंतरची नऊ टक्क्यांनी, दुपारच्या जेवणानंतरची पंधरा टक्क्यांनी आणि रात्रीच्या जेवणानंतरची तर सव्वीस टक्क्यांनी वाढली. दहा माणसे म्हणजे काही जगाचा दाखला नव्हे; परंतु अशाच दिशेचे निष्कर्ष इतरत्रही निघाले आहेत, आणि त्यामागील शरीरव्यापार समजण्याजोगा आहे. कॅफिन शरीरातील ॲडेनोसिन या द्रव्याच्या कामात आडकाठी आणते आणि ॲड्रेनालिन या संप्रेरकाचा स्राव वाढवते. त्यामुळे स्नायू रक्तातील साखर पूर्वीच्या तत्परतेने उचलत नाहीत, आणि इन्सुलिनचा हुकूम काही तास तरी अर्धवटच पाळला जातो. निरोगी माणसाचे स्वादुपिंड थोडे अधिक इन्सुलिन सोडून ही तूट भरून काढते. मधुमेही माणसाजवळ तशी शिल्लक नसते.

म्हणून निर्णय असा करावा लागतो की कॉफीचे दीर्घकालीन पुण्य हे, असलेच तर, निरोगी माणसाच्या खाती जमा होते, आणि तिचा तात्कालिक भार मधुमेही माणसाच्या खाती पडतो. तो भार सर्वांना सारखा नसतो, काहींना तो जाणवतही नाही, आणि कॉफीची सवय मुरलेल्या माणसात तो पुष्कळदा कमी होतो. तेव्हा जो कॉफी पीत नाही त्याने शुगरवरचा उपाय म्हणून ती सुरू करू नये, आणि जो पितो त्याने भयभीत होऊन ती सोडण्याआधी आपल्या पेल्यात नेमके काय काय असते याची चौकशी करावी. हा शेवटचा मुद्दा जरा विस्ताराने मांडणे जरूर आहे, कारण खरी गफलत येथेच होते.

साखरेचा एक लहान चमचा म्हणजे चार ते पाच ग्रॅम. कॉफी चवीला कडू असल्यामुळे चहात एक चमचा घेणारी व्यक्ती कॉफीत दोन चमचे घालते, आणि हॉटेलातला माणूस तर विचारतही नाही. अशी दिवसाला पाच पेल्यांची सवय धरली, तर चाळीस ते पन्नास ग्रॅम साखर नुसत्या पिण्यातून पोटात गेली. जागतिक आरोग्य संघटनेने निरोगी प्रौढ माणसालाही वरून घातलेल्या साखरेची जी कमाल मर्यादा सांगितली आहे, ती दोन हजार कॅलरींच्या आहारात पन्नास ग्रॅमची आहे, आणि शक्यतो पंचवीसच्या आत राहावे अशी तिची शिफारस आहे. यात दुधाची साखर धरलेली नाही. शंभर मिलिलिटर दुधात पाच ग्रॅमच्या आसपास दुग्धशर्करा असते, आणि नुसत्या दुधाची कॉफी, जी पाहुणचार म्हणून आपल्याकडे कौतुकाने केली जाते, तीत ती बरीच होते. एवढ्या ऐवजापुढे कॅफिनने दिवसाच्या सरासरीत केलेली आठ टक्क्यांची आगळीक ही किरकोळ बाब ठरते. जो रुग्ण दोन चमचे साखर घातलेली कॉफी पिऊन साखर वाढल्याचा दोष कॉफीच्या बियांवर ठेवतो, त्याने चोर सोडून संन्याशाला फाशी दिली, असे म्हणावे लागेल.

पुड्यांच्या बाबतीत तर दुप्पट सावध राहावे. कॉफीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या पुड्या दोन जातींच्या असतात. एका जातीत निव्वळ झटपट कॉफीची, किंवा कॉफी व चिकोरी यांच्या मिश्रणाची, भुकटी असते. दुसरीत दुधाची भुकटी, साखर आणि कॉफी ही तिन्ही आधीच मिसळलेली असतात आणि केवळ गरम पाणी घालावयाचे असते. पाकिटाच्या पाठीवर घटकद्रव्यांची जी यादी छापलेली असते ती वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी असा नियम आहे. तेव्हा जेथे साखर यादीत पहिल्या वा दुसऱ्या क्रमांकावर आहे, तो जिन्नस कॉफीच्या वेषातील मिठाई आहे असे समजून परत ठेवावा. अक्षर बारीक असते हे खरे. घरातल्या शाळकरी मुलाकडून वाचून घ्यावे, त्याच्याही कामाचे आहे. कारखान्यातील यंत्रांत बहुधा हीच दुसऱ्या जातीची भुकटी घातलेली असते, आणि ‘साखर जरा बेताने टाका’ असे सांगावे तर यंत्रापाशी ऐकून घेणारे कोणी नसते. तेथे काळी, बिनसाखरेची कॉफी देणारी कळ असेल तर ती दाबावी. नसेल तर घरून निव्वळ भुकटीची डबी नेऊन गरम पाणी तेवढे घ्यावे.

चिकोरीविषयी पुष्कळांच्या मनात किंतु असतो. ती एका झाडाच्या भाजलेल्या मुळांची पूड असून तिच्यात कॅफिन नसते. तिच्यामुळे मधुमेह्याचे विशेष नुकसान नाही, आणि विशेष कल्याणही नाही. जायफळाची चिमूटही निरुपद्रवी. मात्र ती चिमूटच असावी, कारण अधिक प्रमाणातील जायफळ विषारी ठरते. गुळाची गोष्ट वेगळी. हमरस्त्यांवर अलीकडे गुळाच्या चहाची दुकाने फोफावली आहेत आणि गूळ हा साखरेसारखा अपाय करीत नाही, अशी एक सोयीची समजूत त्यांच्याबरोबर पसरली आहे. गुळात थोडे क्षार असतात हे मान्य. परंतु त्याचा मुख्य भाग उसाचीच साखर असून रक्तात गेल्यावर तिचे वर्तन साखरेसारखेच राहते. मधाचेही तेच. कृत्रिम गोडव्याच्या गोळ्यांनी रक्तातील साखर लगेच चढत नाही, म्हणून साखर सोडणे अगदीच जड जाणाऱ्याने काही दिवस त्यांचा आधार घ्यावा. परंतु खरा मार्ग म्हणजे दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करीत जाण्याचा. जिभेची सवय ही वाटते तितकी हट्टी नसते.

पेल्याच्या जोडीला काय येते, हाही हिशेबाचा भाग आहे. कॉफीबरोबर टोस्ट, खारी, बटर, बिस्किटे किंवा वडापाव खाल्ला जातो, आणि मैद्याच्या या पदार्थांची साखर झपाट्याने रक्तात उतरते. ‘शुगर फ्री’ असे छापलेल्या बिस्किटांतही मैदा असतोच. आपल्या भागात दोन्ही वेळचे जेवण तांदळाचे, भाताचे नाही तर तांदळाच्या भाकरीचे. म्हणजे पिष्टमय अन्नाचा भार आधीच मोठा. त्या जेवणाच्या लगत कॅफिनचा पेला घेणे म्हणजे अडचणीच्या वेळीच इन्सुलिनचे हात बांधणे होय. न्याहारीला नाचणीची भाकरी, एखादी उसळ किंवा उकडलेले अंडे असेल, तर हीच कॉफी पुष्कळ कमी त्रास देते.

वेळेचा प्रश्न रात्रपाळीच्या लोकांसाठी विशेष महत्त्वाचा आहे. इंग्लंडमधील बाथ विद्यापीठात २०२० साली एकोणतीस निरोगी माणसांवर जो प्रयोग झाला, त्यात रात्री झोपमोड झालेल्या माणसांना सकाळी न्याहारीपूर्वी कडक काळी कॉफी दिली असता, पुढे घेतलेल्या गोड पेयाने चढणारी त्यांची साखर सुमारे पन्नास टक्क्यांनी अधिक चढली. नुसत्या झोपमोडीने तेवढा फरक पडला नव्हता. निरोगी माणसाची ही कथा, तर मधुमेह्याने काय समजावयाचे ते समजावे. पाळी संपवून सकाळी घरी परतणाऱ्याने उपाशीपोटी प्रथम कॉफी आणि मग भाकरी असा क्रम ठेवू नये. आधी खावे, आणि कॉफी घ्यावयाचीच असेल तर ती तास-दीड तासाने, बिनसाखरेची घ्यावी. किंबहुना पाळी संपल्यावर तिची गरजच काय? त्या वेळी शरीराला झोप हवी असते. कॅफिनचा अर्धा अंश शरीरातून जाण्यास साधारण पाच तास लागतात. म्हणजे दुपारी चारला घेतलेल्या पेल्याचा अर्धा अंमल रात्री नऊलाही शिल्लक राहतो. झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशी इन्सुलिनचे काम मंदावते, मग सुस्ती येते, सुस्तीवर पुन्हा कॉफी येते, आणि हे चक्र महिनोन्‌महिने चालते. दिवसपाळीच्या माणसाने दुपारी दोननंतर कॉफी न घेणे चांगले.

औषधांच्या बाबतीत एक ताकीद ठळकपणे द्यावयास हवी. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या स्वादुपिंडाकडून इन्सुलिन बाहेर काढून घेतात, आणि म्हणून गोळीमागोमाग अन्न पोटात जाणे अपरिहार्य असते. पहाटेची गाडी चुकेल म्हणून गोळी घ्यावी, वर काळी कॉफी प्यावी आणि खाण्याचे कल्याणला पोहोचल्यावर पाहावे, असा क्रम ठेवणाऱ्या माणसाची साखर वाटेतच धोक्याच्या पातळीखाली जाऊ शकते. कॉफीने भूक मारली जाते, आणि छातीत धडधड, हाताला कंप, घाम ही साखर उतरल्याची लक्षणे कॉफीच्या अतिरेकाचीही असल्यामुळे गैरसमज होण्यास पुरेपूर वाव राहतो. संशय आल्यास साखर मोजावी. मोजणे शक्य नसेल तर उतरलीच आहे असे गृहीत धरावे. ७० मिलिग्रॅमच्या खाली साखर गेल्यास तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून ताबडतोब घ्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे आणि मग काही खावे. अशा वेळी काळी कॉफी निरुपयोगी आहे. माणूस बेशुद्ध असेल तर त्याच्या तोंडात काहीही घालू नये आणि १०८ क्रमांकाला दूरध्वनी करावा. मेटफॉर्मिन जेवणाबरोबर वा जेवणानंतर घ्यावयाची असते. तिचा कॉफीशी असा झगडा नाही. मात्र मधुमेहाबरोबर थायरॉइडचीही गोळी चालू असणाऱ्यांनी ती नुसत्या पाण्याबरोबर घेऊन निदान अर्धा ते एक तास कॉफी टाळावी, कारण कॉफीमुळे ती गोळी अंगी लागत नाही.

आता रक्ताविषयी. कॉफी आणि चहा ही दोन्ही पेये जेवणाबरोबर घेतली असता अन्नातील लोह शोषले जाण्यास अडथळा करतात. चहा अधिक, कॉफी त्याहून कमी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली जी आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत जेवणापूर्वी आणि नंतर निदान एक तास चहा-कॉफी टाळावी असे स्पष्ट म्हटले आहे. स्त्रियांत रक्तक्षय जेथे सर्रास आढळतो, तेथे हा सल्ला मधुमेह नसलेल्यांनीही पाळावा. मधुमेह्यांच्या बाबतीत त्याला आणखी एक पदर आहे. ‘तीन महिन्यांची शुगर’ म्हणून जी एचबीएवनसी तपासणी केली जाते, ती रक्तातील हिमोग्लोबिनवर अवलंबून असते. लोहाच्या कमतरतेच्या रक्तक्षयात हा आकडा वास्तवापेक्षा अधिक दिसू शकतो, आणि तांबड्या पेशी लवकर फुटणाऱ्या सिकलसेलसारख्या विकारात तो फसवा कमी येऊ शकतो. महाराष्ट्रातील आदिवासी समाजांत सिकलसेलचा दोष इतरांपेक्षा अधिक आढळतो. तेव्हा या तालुक्यांतील ठाकूर, कातकरी, महादेव कोळी वा वारली कुटुंबातील मधुमेह्याने आपली सिकलसेल तपासणी झाली आहे की नाही हे डॉक्टरांना अवश्य सांगावे, आणि एकट्या एचबीएवनसीच्या कागदावर विसंबू नये.

तपासणीच्या दिवशी घडणारा घोटाळा मात्र कॉफीचाच. उपाशीपोटी रक्त देण्यासाठी निदान आठ तास पाण्यावाचून काहीही घ्यावयाचे नसते. परंतु शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात दूरच्या पाड्यावरून यावयाचे म्हणजे पहाटेच निघावे लागते, वाटेत थंडी वाजते, आणि ‘साखर नाही घातली, नुसती कॉफी घेतली’ अशी मनाची समजूत घालून माणूस रांगेत उभा राहतो. त्या कॉफीतले दूध आणि कॅफिन ही दोन्ही आकडा बिघडवू शकतात. उपाशीपोटीचा आकडा १२६ मिलिग्रॅम वा अधिक आला तर मधुमेहाचा संशय धरून खातरजमा केली जाते. सीमेवरच्या माणसाला एका पेल्याने निष्कारण रुग्णाच्या यादीत जावे लागू नये, आणि चालू असलेल्या औषधाची मात्राही खोट्या आकड्यावर ठरू नये. पाणी हवे तेवढे प्यावे. आणि काही घेतले गेलेच असेल, तर रक्त काढणाऱ्यास ते प्रांजळपणे सांगावे.

एवढे सांगूनही ‘मला कॉफी चालेल काय?’ या प्रश्नाचे सरसकट उत्तर कोणी देऊ शकत नाही, कारण कॅफिनचा निचरा करण्याची यकृताची शक्ती ज्याची त्याची निराळी. उत्तर ज्याचे त्याने मोजून काढावे. घरी ग्लुकोमीटर असेल तर एका सकाळी नेहमीची न्याहारी पाण्याबरोबर घ्यावी, आणि खाण्यापूर्वी व खाण्यास आरंभ केल्यापासून दोन तासांनी साखर मोजावी. दुसऱ्या सकाळी तीच न्याहारी, तेवढीच, परंतु बिनसाखरेच्या कॉफीबरोबर घेऊन पुन्हा तसेच मोजावे. आणि तिसऱ्या सकाळी आपली रोजची दूध-साखरेची कॉफी घेऊन मोजावे. औषध, झोप आणि सकाळचे काम या तिन्ही दिवशी सारखे असावे. ही फेरी निदान दोनदा करावी, कारण घरगुती यंत्राच्या आकड्यात पंधरा टक्क्यांपर्यंतची चूक संभवते. १७० आणि १८० यांतील फरकाला अर्थ नाही, १७० आणि २३० यांतील फरकाला आहे. बोट टोचण्यापूर्वी हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. आंबा किंवा जांभळे हाताळलेल्या बोटावरील रसाने आकडा भलताच चढतो आणि मग बिचाऱ्या कॉफीवर आळ येतो. ज्यांच्याजवळ यंत्र नाही, त्यांनी आशाताईंना किंवा आपल्या उपकेंद्रातील परिचारिकांना विचारावे. तीस वर्षांवरील माणसांच्या साखरेची व रक्तदाबाची तपासणी हे तेथील नेमून दिलेले कामच आहे.

मोजणीअंती कॉफीने फरक पडत नाही असे दिसले, तरी मर्यादा पाळावी. दीडशे मिलिलिटर झटपट कॉफीत ५० ते ६५ मिलिग्रॅम, गाळलेल्या कॉफीत ८० ते १२० आणि तेवढ्याच चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असते, असे राष्ट्रीय पोषण संस्था सांगते, आणि दिवसाची एकूण मर्यादा ३०० मिलिग्रॅमची ठरवते. हा हिशेब चहा आणि कॉफी मिळून करावयाचा आहे. ज्याचा दिवस चार चहांचा आहे, त्याला कॉफीची मुभा एखाद्या पेल्याचीच उरते. गर्भारपणात मधुमेह जडलेल्या स्त्रियांनी २०० मिलिग्रॅमच्या आत राहावे. रक्तदाब अनावर असलेल्यांनी, छातीत धडधड होणाऱ्यांनी आणि झोप न लागणाऱ्यांनी कॉफी सोडलेलीच बरी. आणि वैशाखात, ज्या शहापूर तालुक्यातील तानसा-भातसेचे पाणी मुंबईला जाते त्याच तालुक्यातील गावे जेव्हा टँकरची वाट पाहत बसतात, तेव्हा हंडा वाचवण्यासाठी पाण्याची तहान चहा-कॉफीच्या अर्ध्या पेल्यावर भागवण्याची पाळी बायाबापड्यांवर येते. साखर वाढलेल्या माणसाच्या अंगातले पाणी लघवीवाटे आधीच जात असते. घरात मधुमेही असेल तर त्याच्या वाट्याचे पिण्याचे पाणी प्रथम बाजूला काढून ठेवावे.

वरील फेऱ्यांचे आकडे, तारीख, न्याहारीचा तपशील, पेल्यातील साखरेचे चमचे आणि औषधाची वेळ यांसह एका साध्या वहीत उतरवावेत, आणि पुढील खेपेस डॉक्टरांकडे जाताना ती वही बरोबर न्यावी. गोळीची मात्रा कमी-अधिक करण्याचा निर्णय मात्र त्या आकड्यांवरून स्वतःच घेऊ नये, तो डॉक्टरांवर सोपवावा.